संगमावरचा रेसिडेंट आणि आपले वकील

दफ्तरातला_उंदीर
मंडळी, गेल्या रविवारी संगम पुलावर सिग्नलला थांबलो होतो. मागे बसलेल्या भाच्याला सांगितलं, पेशवाईत इथे इंग्रजांचा रेसिडेंट राहायचा, म्हणजे त्यांचा राजदूतच म्हण. पोरगं आठवीतलं. लगेच विचारतं, "मग लंडनला आपला कोण राहायचा?" हिरवा दिवा लागला म्हणून सुटलो, पण प्रश्न काही सुटला नाही. रात्री पुस्तकं काढून बसलो, त्याचा हा धागा.

आधी संगमावरचे लोक. १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी शिंदे जामीन होते, त्यामुळे इंग्रजांचं पुण्याशी जे काही बोलणं ते शिंद्यांच्या छावणीतून. म्हणजे शनिवारवाड्यात काय शिजतंय हे कलकत्त्याला महादजींच्या चष्म्यातून दिसायचं. इंग्रजांना ते पटेना. नाना फडणवीसांनाही नकोच होतं, महादजींच्या हाती सगळ्या किल्ल्या कशाला? अडचण फक्त महादजींची. म्हणून चार्ल्स मॅलेट आधी उत्तरेत महादजींना भेटून आला, त्यांची समजूत घातली आणि १७८६ मध्ये पुण्यात दाखल झाला. तो १७९७ पर्यंत हलला नाही. अकरा वर्षं एकाच दरबारात!

हा माणूस त्याआधी दहा-एक वर्षं गुजरातेत खंबायतला होता. हिंदुस्थानी रीतिभाती त्याला पाठ. त्याने पुण्यात काय केलं? दरबाराच्या वेळा पाळल्या, पोशाख घेतले-दिले, विडे खाल्ले आणि दर थोड्या दिवसांनी पुण्याची खबर लिहून पाठवली. कोण आजारी, कुणाची फौज थकबाकीमुळे रुसली, कुणाचं कुणाशी फाटलं. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी अशी तिघांची युती झाली, तो तह पुण्याच्या बाजूने त्यानेच जमवला. तहाच्या दरबाराचं मोठं चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गंमत म्हणजे ते काढायला घेतलं होतं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. तो १७९५ मध्ये मुंबईजवळ साष्टीत वारला आणि चित्र पुरं केलं थॉमस डॅनियलने, पुण्यातली ती सभा न बघता. नाना, सवाई माधवराव यांचे चेहरे आपण आज ज्या चित्रांवरून ओळखतो ती वेल्सचीच. मॅलेटने पुढे वेल्सच्या मुलीशी लग्न केलं, तो भाग वेगळा.

आणखी एक. वेल्सच्या हाताखाली गंगाराम तांबट हा पुण्याचा कारागीर तयार झाला. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाच निघाली होती. या गंगारामाने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढलाय, १७९० चा. साखळदंड घातलेला, कातडीच्या घड्या न् घड्या मोजून काढलेल्या. तो कागद आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. म्हणजे आमचा गेंडासुद्धा रेसिडेंटाच्या सामानातून परदेशी गेला म्हणायचा.

मॅलेटनंतर मधला काळ सोडला तर पामर (१७९८ ते १८०१), मग बॅरी क्लोज, मग १८११ पासून एल्फिन्स्टन. पामर मला माणूस म्हणून आवडतो. १३ मार्च १८०० ला नाना गेले तेव्हा त्याने कलकत्त्याला कळवलं की मराठी राज्यातलं सारं शहाणपण आणि नेमस्तपणा त्यांच्याबरोबर गेला. शत्रूच्या वकिलाने इतकं लिहावं! पण गव्हर्नर जनरल वेलस्लीला असा हळवा माणूस नको होता. त्याला बाजूला करून क्लोजला धाडलं आणि पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीशी केलेला वसईचा तह. सहा पलटणी पुण्याच्या नावावर, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख कंपनीला. बाजीराव मे १८०३ मध्ये परत गादीवर बसले ते इंग्रजी फौजेच्या सोबतीने. त्या दिवसापासून रेसिडेंटला दूत का म्हणायचं हा माझा प्रश्न आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडे वकील कमी नव्हते. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, कलकत्ता, सगळीकडे होते, हुशार होते. पण आपला वकील हा एक माणूस होता आणि त्यांचा रेसिडेंट ही एक कचेरी होती. मॅलेट गेला, पामर आला, त्याला मॅलेटची अकरा वर्षांची दप्तरं आयती मिळाली. आपल्याकडे वकील मेला की कागद त्याच्या वाड्यात, माळ्यावर.

झोडपा आता.

गोदाकाठ
झोडपत नाही, भर घालतो. माळ्यावरचे कागद म्हणालात तर आमच्या नाशिकच्या हिंगण्यांची आठवण झाली. महादेवभट हिंगणे हे मूळचे क्षेत्रोपाध्ये. म्हणजे गोदेवर लोकांची श्राद्धं-पक्ष करणारे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा हाती पडल्या, बाकीचे परत आले आणि हे तिथेच राहिले. पेशव्यांचे दिल्लीतले वकील. १७४४ मध्ये ते गेल्यावर मुलं, बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव, सगळी त्याच धंद्यात. वकिली ही वतनासारखी घरात आली.

त्यात पुन्हा दिल्लीत अंताजी माणकेश्वर फौज घेऊन बसलेले. त्यांचं आणि हिंगण्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. हे लिहिणार अंताजी खोटी हजेरी दाखवून पैसे खातो, ते लिहिणार हिंगण्यांनी मधल्यामध्ये रकमा दाबल्या. नानासाहेबांनी पुण्यात बसून कुणाचं खरं मानायचं? पानिपताच्या आधीची ही सारी वर्षं. अब्दालीची बातमी आणि भाऊबंदकीची चहाडी एकाच थैलीतून यायची.

तुमचा मुद्दा मान्य. पण हिंगण्यांचे कागद टिकले म्हणूनच आज आपल्याला दिल्ली दरबार मराठीतून वाचता येतो हेही लिहा.

फक्त_वाचक
भारी चाललंय. एक बाळबोध शंका. वकील म्हणजे कोर्टातला ना? राजदूताला वकील का म्हणायचे?

दफ्तरातला_उंदीर
उलट आहे. वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. दरबारातला वकील आधीचा, काळ्या कोटातला नंतरचा. महादजींना बादशहाने वकील-इ-मुतलक केलं ते अशाच अर्थी, बादशहाचा सर्वाधिकारी मुखत्यार.

@गोदाकाठ, खोटी हजेरी तेव्हाही होती हे वाचून बरं वाटलं.

भागानगरी
हैदराबादहून लिहितेय. आमच्याकडच्या गोविंदराव काळ्यांना विसरू नका. वडील कृष्णराव काळेही इथेच वकील, म्हणजे पुन्हा घरातलीच गादी.

मराठे आणि निजाम यांच्यातल्या खर्ड्याच्या लढाईच्या आधीचा प्रसंग इंग्रज इतिहासकार ग्रँट डफने दिलाय. चौथाईच्या थकबाकीवरून बोलणी चाललेली. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क भर दरबारात म्हणाला, नानांनी स्वतः इथे येऊन हिशोब समजावून द्यावेत. काळे म्हणाले, नानांना इतकी कामं, ते कसे येणार? यावर दिवाण म्हणे, कसे येणार ते मी दाखवतो. एवढं बोलणं म्हणजे युद्धाचंच निमंत्रण. मार्च १७९५ मध्ये खर्डा झाला आणि तहात काय मागितलं? तोच दिवाण. त्याला पुण्यात आणून ठेवला. वकिलाचा अपमान इतका व्याजासकट वसूल झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

काळ्यांचं आणखी एक पत्र मला फार आवडतं. महादजींचा उत्तरेत जम बसल्यावर त्यांनी नानांना लिहिलं. अटकेपासून दक्षिण समुद्रापर्यंत कसा अंमल बसला याचा आनंद आहेच, पण मधेच एक वेगळीच तक्रार आहे: दुसऱ्यांच्यात एवढं काही घडलं असतं तर त्यांनी तवारिखा, म्हणजे इतिहास, लिहून आकाशाला भिडवलं असतं, आपल्यात मात्र एवढी मोठी गोष्ट झाली तरी कुणी बोलत नाही. दोनशे वर्षांपूर्वी हैदराबादेत बसून हा माणूस तुमचाच मुद्दा मांडत होता, उंदीरमामा.

संत्रानगरी
नागपूरचे भोसले म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातले सावत्र भाऊ, धाग्यातही आम्हाला शेवटी आठवणार. असो. आमचा वकील बेनिराम पंडित वॉरन हेस्टिंग्जकडे असायचा. १७८१ मध्ये हेस्टिंग्ज काशीला चेतसिंगाकडून पैसे उकळायला गेला, तिथे गाव उठलं आणि साहेबाला जीव मुठीत धरून चुनारला पळावं लागलं. तेव्हा बेनिराम आणि त्याचा भाऊ विश्वंभर मागोमाग गेले आणि म्हणाले, अडचण आहे ना, आमच्याकडचे लाख रुपये घ्या.

आता सांगा, हा वकील कुणाचा? हेस्टिंग्जने त्यांना जहागीर दिली. कंपनीचा एक रेसिडेंट दाखवा ज्याने पेशव्याला घरचे लाख रुपये दिले!

चहाबिस्किट
ह्याला म्हणतात पाहुणचार 😀
(धाग्याला चार चांद लागले. वाचतोय.)

गोंयकार_भाटकार
आमच्याकडचीही दोन नावं नोंदवून ठेवतो. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकाला आला तेव्हा त्याच्यासोबत दुभाषा नारायण शेणवी. पेशवाईत पोर्तुगीजांचा पुण्यातला वकील नारायण विठ्ठल धुमे. दोन्ही माणसं सारस्वत. म्हणजे दोन दरबार, पण मध्ये बसणारा माणूस कोंकणी-मराठी बोलणारा. 'परकी सत्ता' हा शब्द तेव्हा आजच्यासारखा घट्ट नव्हता, पगार कोण देतो एवढंच बघायचं.

ऑक्झिंडेनची एक गोष्ट फ्रायर या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवलीय. रायगडावर हे इंग्रज रोज बोकड खायचे. गडाखाली मटण पुरवणारा म्हातारा खाटीक होता, त्याने कित्येक वर्षांत मिळून एवढं मांस विकलं नव्हतं. तो धापा टाकत गड चढून आला, एवढं खाणारे आहेत तरी कोण ते बघायला.

त्या तहात महाराजांनी बहुतेक कलमं मानली. पण फुटलेलं जहाज किनाऱ्याला लागलं तर माल राजाचा, ही कोकणची जुनी चाल होती, ती सोडायला ते तयार झाले नाहीत. व्यवहाराला पक्के.

तिरकस
सगळे इतकं गोड बोलताय, म्हणून मला यावं लागलं. उंदीरसाहेब, 'माणूस विरुद्ध कचेरी' हे ऐकायला छान आहे, पण जरा थांबा.

एक, नानांचं हेरखातं. पुण्यात बसून त्यांना कलकत्त्याच्या कौन्सिलातली भांडणं माहीत असायची, हेस्टिंग्जचं कुणाशी पटत नाही तेही. तिथे लाला सेवकराम हा त्यांचा वकील होता. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस राजाची पत्रं घेऊन आलोय म्हणत पुण्यात उतरला, तेव्हा नानांनी त्याला असा काही मान दिला की मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. लुबिनमध्ये फारसा दम नव्हता. नानांना तो दाखवायला हवा होता. ही मुत्सद्देगिरी नव्हे तर काय?

दोन, लंडनला वकील ठेवून उपयोग काय होता? जायला सहा महिने, यायला सहा. तोवर इकडे दोन पेशवे बदललेले. आणि तिथे भेटायचं कुणाला, राजाला, पार्लमेंटला की कंपनीच्या डायरेक्टरांना? तिघंही एकमेकांकडे बोट दाखवणार.

लंडनवासी_सदाशिवपेठी
@तिरकस, उपयोग काय ते माहीत नाही, पण एक जण गेला होता! राघोबादादांचा. १७८१ मध्ये हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्याबरोबर मणियार हे पारशी बापलेक. नानांचा नव्हे, दादांचा, म्हणजे सरकारी नव्हेच. बारभाईंनी, म्हणजे नाना वगैरे कारभाऱ्यांनी, हाकलल्यावर इंग्रजांनी आपल्याला गादीवर बसवावं, ही विनंती घेऊन.

इथे त्यांना कुणी विचारेना. हाल चालले होते. शेवटी एडमंड बर्कने, हो, तोच पार्लमेंटातला बर्क, त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं. सोवळ्याचा प्रश्न आला. साहेबाच्या स्वयंपाकघरात हणमंतराव कसा रांधणार? बर्कने बागेतलं काचघर त्यांना दिलं. इंग्लंडच्या थंडीत, नाजूक परदेशी झाडं जपायच्या काचेच्या खोलीत, चूल मांडून कोकणातला ब्राह्मण भात शिजवतोय. मी दर हिवाळ्यात घरातला धुराचा अलार्म वाजला की त्याची आठवण काढतो.

बर्कवर या लोकांचा परिणाम झाला असावा असं मला नेहमी वाटतं. पुढे हेस्टिंग्जवर खटला भरला तो यानेच.

परत आल्यावर जातीत घ्यायचा पेच. विल्फर्ड या इंग्रजाने लिहिलंय की राघोबांच्या विलायतेला गेलेल्या ब्राह्मणांना सोन्याच्या योनीतून काढून नवा जन्म दिला, तेव्हा कुठे पंगतीला बसता आलं. आता मला सांगा, नानांनी लंडनला कायमचा वकील ठेवायचं मनात आणलं असतं, तर दर बदलीला एवढं सोनं कुठून आणायचं?

दफ्तरातला_उंदीर
काचघराची गोष्ट मला माहीत नव्हती. भाच्याला हीच सांगणार.

तिरकस, नानांबद्दल पूर्ण मान्य. पण तुम्ही माझंच म्हणणं पक्कं करताय. नाना होते तोवर कागदांची गरज नव्हती, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते डोकं मार्च १८०० मध्ये गेलं आणि पाठोपाठ सगळी खबर गेली. एल्फिन्स्टनचं उलट बघा. तो आधी क्लोजच्या हाताखाली पुण्यात मदतनीस होता, मग नागपूरला रेसिडेंट, मग काबूलला वकील आणि पुन्हा पुण्यात. म्हणजे त्यांच्याकडे उमेदवारी होती, बढती होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली. एल्फिन्स्टनची सगळी पुस्तकं आणि कागद त्यात गेले. बाजीराव पर्वतीवरून बघत होते. आणि तरीही तीस वर्षांचा पत्रव्यवहार आज छापील मिळतो, कारण प्रती मुंबईत आणि कलकत्त्यात होत्याच. इतिहासकार सरदेसाई आणि जदुनाथ सरकारांनी त्याचे खंड काढले.

घर जाळता आलं, दप्तर नाही.

ठाणेकर_तिसरी_पिढी
एल्फिन्स्टन आलाच आहे तर गंगाधरशास्त्र्यांचं घ्या. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय बाजीरावांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळ्यांवर. एल्फिन्स्टनने बाजीरावांच्या मागे लागून त्र्यंबकजींना ताब्यात घेतलं आणि आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई, म्हणजे लाचेचं बोलणं नको. पण बाहेर एक मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, घोड्याला खरारा करता करता मोठ्याने गाणी म्हणायचा. गाण्यात सगळा बेत. गोऱ्यांना मराठीचा ओ की ठो कळत नव्हता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी पसार. बिशप हेबरने लिहून ठेवलीय ही कथा, त्यात तिखट-मीठ किती ते त्यालाच ठाऊक.

उंदीरमामा, तुमच्या कचेरीला एक मराठी समजणारा शिपाई परवडला नाही बघा.

अजिंक्यतारा
इतका वेळ गप्प होतो, कारण आठवीतल्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर साताऱ्यात आहे आणि ते कुणीतरी लिहील असं वाटत होतं. लंडनला आपला कोण राहायचा? रंगो बापूजी गुप्ते. एक-दोन महिने नव्हे, १८४० पासून १८५३ पर्यंत.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ. हो, वर भागानगरींनी ज्याचा दाखला दिला तोच. साताऱ्याचे कागद बघूनच त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्याच्यानंतर ब्रिग्ज. पुढे मुंबई सरकारशी बिनसलं, कटाचे आरोप झाले आणि ५ सप्टेंबर १८३९ च्या रात्री महाराजांना पदच्युत करून काशीला नेलं. गादीवर भाऊ आप्पासाहेब.

रंगो बापूजी हे शिवकाळातल्या दादाजी नरस प्रभूंच्या घराण्यातले. काम एकच, महाराजांवर अन्याय झाला हे लंडनला पटवायचं. तिथे जाऊन ते इंग्रजी शिकले, पत्रकं छापली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत प्रकरण लावून धरलं. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्पसन असे लोक बाजूने उभे केले. आणि साताऱ्याचा जुना रेसिडेंट ब्रिग्ज, तोही महाराजांच्या बाजूने बोलला. उंदीरसाहेब, तुमच्या कचेरीतला माणूस आमच्या माणसाच्या बाजूने!

पण बघा हं. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले. १८४८ मध्ये आप्पासाहेबही गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. ज्यांचा वकील ते नाहीत, ज्या गादीसाठी भांडतोय ती गादी नाही. तरी रंगो बापूजी आणखी पाच वर्षं तिथेच. राणीसाहेब आणि दत्तक पुत्रासाठी अर्ज करत. डोक्यावर कर्ज. पैसे पाठवायला मागे दरबारच उरला नव्हता.

तिरकस म्हणाले तेच झालं, तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. फक्त हे कळायला त्यांना तेरा वर्षं लागली आणि ती त्यांनी काढली. परत आल्यावर अर्ज लिहिणं बंद. १८५७ मध्ये साताऱ्याचा उठाव रचला. तो फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. मुलगा सीताराम त्यात होता. रंगो बापूजी मात्र सापडले नाहीत. इंग्रजांनी इनाम लावलं, शोधलं, तरी नाहीच.

तिरकस
माघार. लंडनबद्दलचा माझा दुसरा मुद्दा मागे घेतो. म्हणजे उपयोग झाला नाही हे खरंच, पण 'कशाला जायचं' असं विचारायला नको होतं.

ठाणेकर_तिसरी_पिढी
शेवटचे ते ठाण्यात दिसले असं आमच्याकडे सांगतात. नातेवाइकाच्या घरी लग्न होतं, शिपाई येऊन धडकले आणि हे निसटले. ठाण्यात त्यांच्या नावाचा चौक आहे. आजोबांना मी लहानपणी विचारलं होतं, हे कोण? म्हणाले, "वकील होते." मला वर्षानुवर्षं वाटायचं, ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करत असणार.

फक्त_वाचक
मलाही आत्तापर्यंत तेच वाटत होतं.

दफ्तरातला_उंदीर
भाच्याला वरचं सगळं वाचून दाखवलं. गेंड्याचं चित्र कुठे बघायला मिळेल एवढंच विचारलं त्याने. शोधून देतो म्हणालोय. कुणाकडे बरी प्रत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.